लेटरबॉक्सिंग: पहिला डबा शोधायला निघताना

माझ्या पहिल्या डब्याचा क्लू जेमतेम सहा ओळींचा होता. चालता चालता वाचू म्हणून मी कागदाची घडी करून खिशात टाकली आणि निघालो. साडेतीन तास रानात फिरलो, गुडघे सोलवटले, बाटलीतलं पाणी संपलं, डबा काही मिळाला नाही. दोन आठवड्यांनी परत गेलो तेव्हा उलगडा झाला. क्लूची सुरुवात होती ‘फाटकापासून’, आणि फाटकं होती दोन. मी गाड्यांच्या मोठ्या फाटकापासून मोजत सुटलो होतो. लिहिणाऱ्याच्या मनात होतं त्याच्या पलीकडचं, माणसांनी आत शिरायचं अरुंद फाटक. पुढच्या पाचही ओळी मी अगदी इमानेइतबारे पाळल्या होत्या, चुकीच्या जागेवरून.

तेव्हापासून नवीन कुणी विचारलं की मी बूट, काठी, सॅक यांच्याबद्दल नंतर बोलतो. आधी विचारतो, क्लू किती वेळा वाचलास?

हा खेळ नेमका काय आहे

कुणीतरी रानात, पायवाटेपासून थोडं आत, एक पाणी न शिरणारा डबा लपवून ठेवतं. डब्यात बहुतेक वेळा हातानं कोरलेला एक रबरी शिक्का आणि एक छोटी वही असते. डब्यापर्यंत कसं पोचायचं ते सांगणारा मजकूर, म्हणजे क्लू, लोकांसाठी खुला असतो. तुम्ही क्लूच्या आधारानं चालत जाता, डबा शोधता, डब्यातला शिक्का आपल्या वहीत उमटवता, आपला शिक्का डब्यातल्या वहीत उमटवता, आणि सगळं होतं तसं परत लपवून निघता. डब्यातून न्यायचं काही नसतं आणि ठेवायचंही नसतं. उरतो तो वहीतला ठसा.

याचं मूळ इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातल्या डार्टमूर या उजाड माळरानात आहे. चॅगफर्ड गावचा जेम्स पेरट हा तिथला वाटाड्या. १८५४ मध्ये त्यानं क्रॅनमिअर पूल नावाच्या आडबाजूच्या जागी एक बाटली ठेवली, आणि तिथवर चालत येणारे लोक आपलं व्हिजिटिंग कार्ड तिच्यात टाकू लागले. नावात ‘पूल’, म्हणजे डोह असला तरी तिथे पाणी नाही, दलदलीत एक खोलगट खड्डा आहे एवढंच. पुढे लोक कार्डाऐवजी स्वतःच्याच पत्त्यावरचं पत्र तिथे ठेवू लागले. नंतर येणाऱ्यानं ते उचलायचं आणि गावात गेल्यावर टपालात टाकायचं. आपलंच पत्र किती दिवसांनी घरी पोचतं, यात खरी मजा. लेटरबॉक्स हे नाव तिथून आलं. १९३७ मध्ये क्रॅनमिअरला दगडी पेटी बसली. १९३८ मध्ये डक्स पूल इथे, डार्टमूरवर आयुष्यभर लिहिणाऱ्या विल्यम क्रॉसिंगच्या स्मरणार्थ, आणखी एक पेटी आली. १९७० च्या दशकानंतर डब्यांची संख्या भराभर वाढली. शंभर डबे शोधणाऱ्यांचा तिथे ‘हंड्रेड क्लब’ आहे. १९९८ च्या एप्रिलमध्ये ‘स्मिथसोनियन’ मासिकात यावर लेख आला आणि अमेरिकेत हे वेड पसरलं.

जिओकॅशिंग हा याचा धाकटा भाऊ. अमेरिकन सरकारनं जीपीएसच्या संदेशातली मुद्दाम घातलेली चूक २ मे २००० रोजी काढून टाकली आणि लगेच तो खेळ सुरू झाला. त्यात उपग्रह तुम्हाला काही मीटरवर नेऊन सोडतो. इथे तसं नाही. लपवणाऱ्याला जे दिसलं, ते त्यानं शब्दांत मांडलेलं असतं, आणि ते शब्द वाचून तुम्हाला त्याच्याच जागी जाऊन उभं राहायचं असतं. मला हा खेळ जास्त आवडतो तो यासाठीच. पण हे बोललं की जिओकॅशिंगवाले मित्र भांडायला उठतात, म्हणून पुढे जातो.

निघण्याआधी: वही, शिक्का, नाव

वही घ्या कोऱ्या पानांची आणि जाड कागदाची. पातळ कागदावर शाई मागच्या पानावर उतरते. रेघांची वही घेतलीत तर चार ठशांनंतर पस्तावाल.

लोक या खेळात स्वतःचं टोपणनाव घेतात आणि नोंदवहीत तेच लिहितात. खरं नाव, फोन नंबर लिहायचा नाही, कारण ती वही कोण वाचेल सांगता येत नाही.

शिक्का विकतचा चालतो, पण स्वतः कोरलात तर तुमची मजा वेगळीच. साधा पांढरा मोठा खोडरबर पुरतो. चित्र कागदावर मऊ पेन्सिलीनं गडद काढा, कागद खोडरबरावर पालथा ठेवा आणि मागून नखानं घासा. चित्र रबरावर उलटं उतरतं आणि शिक्का मारल्यावर सुलटं येतं. हा टप्पा गाळून रबरावर थेट ‘श’ काढणाऱ्याचा ‘श’ आयुष्यभर आरशातला राहतो. अनुभवाचे बोल आहेत. कोरताना पातं रेघेपासून बाहेरच्या बाजूला तिरकं धरा, म्हणजे रेघेच्या बुडाला आधार राहतो. रेघेखाली पातं गेलं की ती रेघ दहा ठशांत तुटते. आणि वळण आलं की सुरी वळवू नका, रबर फिरवा.

बाकी सामान: स्टॅम्प पॅड, दोन पेनं, होकायंत्र, क्लूचा छापील कागद, नकाशा, शिक्का पुसायला ओलसर फडकं, पातळ हातमोजे, एक काठी. कागद छापील हवाच. फोनवर क्लू वाचत चालणाऱ्याचं लक्ष ना धड फोनमध्ये राहतं ना वाटेवर, आणि नेमकी शेवटची ओळ वाचायच्या वेळी बॅटरी संपते. होकायंत्रात तळाला पारदर्शक पट्टी आणि भोवती फिरणारी अंशांची तबकडी हवी. किल्ल्यांच्या साखळीला लटकणारं खेळण्यातलं होकायंत्र दिशा सांगेल, अंश सांगणार नाही.

पहिला डबा निवडताना तीन गोष्टी बघा: चाल दोन-तीन तासांच्या आतली, क्लू साध्या भाषेतला, आणि डबा अलीकडे कुणाला तरी सापडलेला. वर्षानुवर्षं कुणी न पाहिलेला डबा पहिल्याच खेपेला घ्यायचा नाही. तो तिथे नसेल, तर चूक तुमची की डब्याची हे कळायला मार्ग उरत नाही.

क्लू वाचायचा कसा

एक नमुना घेऊ. मीच रचला आहे, पण बरेच क्लू याच वळणाचे असतात:

*वाहनतळावरच्या नकाशाच्या फलकापासून पिवळ्या खुणांची वाट धरा. लाकडी साकव ओलांडल्यावर वाट तिसऱ्यांदा वळते तिथे एक दगडी भिंत डावीकडून येऊन वर चढते. भिंतीच्या कडेनं चला. भिंत ढासळली आहे तिथे थांबा आणि ११० अंशांवर पाहा. जुळी भावंडं हात वर करून उभी आहेत. मोठ्याच्या पायापासून २० अंशांवर १४ पावलं. जेवणाच्या मेजाच्या उगवतीच्या बाजूला, गुडघ्याइतक्या उंचीवर, लहान दगडामागे.*

घरी बसून हा मजकूर तुकड्यांत तोडा. एका ओळीत एकच काम. प्रत्येक तुकड्यासमोर दोन गोष्टी लिहा: मला काय दिसायला हवं, आणि इथे माझी फसगत कशी होऊ शकते.

पहिला तुकडा: नकाशाचा फलक. वाहनतळावर फलक एकच असेल कशावरून? एक नियमांचा असेल, एक नकाशाचा. इथे ‘नकाशाचा’ हा शब्द उगाच आलेला नाही. चांगल्या क्लूमध्ये विशेषणं फुकट नसतात.

दुसरा: पिवळ्या खुणांची वाट. झाडांवर किंवा दगडांवर रंगाचे पट्टे मारून वाटा दाखवलेल्या असतात. बऱ्याच ठिकाणी एकावर एक दोन पट्टे दिसले की पुढे वळण आहे असं समजायचं. क्लू जुना असेल तर मधल्या काळात वाटेचा रंग बदललेलाही असू शकतो, म्हणून क्लूची तारीख कागदावर लिहून ठेवा.

तिसरा: तिसरं वळण. इथे नवे लोक हमखास अडकतात. वळण म्हणजे किती वळायला हवं? पायवाट तर दर दहा पावलांवर थोडीथोडी वळते. अशा वेळी आकड्यावर विसंबू नका, पुढची खूण बघा. भिंत डावीकडून येते, असं म्हटलंय. भिंत आली, म्हणजे तुमच्या मोजणीनं ते चौथं वळण असलं तरी जागा बरोबर. जमिनीवर जे पक्कं उभं आहे ते मोजणीपेक्षा मोठं, हा क्रम डोक्यात ठेवा: आधी दगड, भिंत, ओढा, मग झाडं, मग दिशा, आणि सगळ्यांत शेवटी पावलांचा आकडा. भिंत जागची हलत नाही. झाड पडतं. पावलं तर माणसागणिक वेगळी.

चौथा: ढासळलेली भिंत. जुनी भिंत एकाच ठिकाणी ढासळलेली असते असं नाही. क्लू लिहिल्यावर आणखी कुठे पडझड झाली असेल. अशा वेळी पहिल्या भगदाडावर उभं राहून पुढचा तुकडा करून बघायचा. ११० अंशांवर जुळी भावंडं दिसली नाहीत तर पुढचं भगदाड.

जुळी भावंडं म्हणजे एकाच बुंध्यातून फुटलेली दोन खोडं, हे तुम्ही ओळखलं असेलच. पण ‘मोठ्याच्या पायापासून’ मध्ये लिहिणाऱ्यानं गाठ मारून ठेवली आहे. दोन खोडांतलं जाड कोणतं ते आधी ठरवायचं आणि त्याच्या बुंध्याला पाठ लावून मोजायला लागायचं. दोन खोडांत हातभर अंतर असेल तर फरक पडत नाही. पण ही दोन वेगळी झाडं निघाली तर पडतो.

जेवणाचं मेज म्हणजे सपाट माथ्याचा दगड. आणि उगवतीची बाजू म्हणजे दगडाची पूर्वेकडची बाजू, तुमच्या समोरची नाही.

काही क्लू कोड्याच्या रूपात असतात. प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर जुळवलं की जागेचं नाव मिळतं, अक्षरं ठरावीक घरं पुढे सरकवलेली असतात, किंवा एखाद्या इतिहासातल्या सनाचे आकडे म्हणजेच अंश असतात. ती घरीच सोडवायची. रानात उभं राहून कोडं सोडवायला बसलेला माणूस मी पाहिला आहे, तो मीच होतो, आणि पाऊस सुरू झाला होता.

होकायंत्र आणि पावलं

११० अंश घ्यायचे असे. तबकडी फिरवून ११० चा आकडा पुढच्या रेघेवर आणा. होकायंत्र छातीशी आडवं, सपाट धरा. आता तबकडीला हात न लावता स्वतः गोल फिरा. सुईचं लाल टोक तबकडीतल्या बाणाच्या आत बसलं की थांबा. पट्टीवरचा पुढचा बाण दाखवतोय ती तुमची दिशा. त्या दिशेला दूरवरचं एक झाड किंवा दगड हेरा, होकायंत्र खाली करा आणि त्या खुणेकडे चालत जा. सुईकडे बघत चालू नका. तसं चालणारा माणूस झाडाला वळसा घालतो आणि परत रेघेवर कधीच येत नाही.

होकायंत्र फोनजवळ, सुरीजवळ, लोखंडी कुंपणाजवळ, गाडीच्या टपावर धरायचं नाही. माझ्या फोनच्या कव्हरला झाकण बंद करायला लोहचुंबक होतं. फोन आणि होकायंत्र एकाच खिशात ठेवून मी वर्षभर फिरलो आणि शेवटी सुईचं लाल टोक दक्षिणेला वळलं. तोपर्यंत मी निमूटपणे क्लू लिहिणाऱ्यांना दोष देत होतो.

चूक किती महागात पडते याचा अंदाज असावा. ५ अंशांची चूक १०० मीटरवर जवळपास ९ मीटर बाजूला नेते. वरच्या नमुन्यात १४ पावलंच आहेत, तिथे ५ अंशांनी बिघडत नाही. पण ‘२०० पावलं’ म्हटलं असेल तर शोधायचं वर्तुळ चांगलंच मोठं होतं.

सुईची उत्तर आणि नकाशावरची उत्तर एक नसते, हेही लक्षात ठेवा. हा फरक जागेनुसार बदलतो आणि काळानुसार सरकतो. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात सुई १५ अंशांच्या आसपास पश्चिमेला झुकते, वायव्य कोपऱ्यात जवळपास तितकीच पूर्वेला. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला सध्या हा फरक जवळजवळ नाहीच. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये डॉर्सेटच्या किनाऱ्यावर लँग्टन मॅट्रॅव्हर्स इथे खरी उत्तर (म्हणजे उत्तर ध्रुवाची दिशा), सुईची उत्तर आणि नकाशाच्या जाळीची, म्हणजे त्यावरच्या उभ्या रेघांची उत्तर या तिन्ही एका रेघेत आल्या. क्लूमधले अंश सहसा सुईचेच असतात, कारण लपवणाऱ्यानंही तिथे उभं राहून होकायंत्रच पाहिलेलं असतं. पण ‘खरी उत्तर’ असं लिहिलं असेल तर फरक घालायला विसरू नका. १५ अंश विसरलात तर १०० मीटरवर २६ मीटर चुकलात.

पावलांची गोष्ट आणखी घोटाळ्याची. काही जण प्रत्येक पाऊल मोजतात, काही जण डावं-उजवं मिळून एक धरतात. रोमन लोकांचा मैल म्हणजे हजार पावलं, पण त्यांचं पाऊल जोडीचं होतं, म्हणून तो मैल जवळपास १,४८० मीटर भरायचा. क्लूमध्ये खुलासा नसेल तर दोन्ही गृहीत धरून दोन जागा काढा. मोजलेल्या १०० मीटरवर एकदा चालून स्वतःची पावलंही मोजून ठेवा. साधारण उंचीच्या माणसाची जोडपावलं ६० ते ७० भरतात. चढावर पाऊल आखूड पडतं, उतारावरही घाबरत टाकलेलं आखूडच.

डार्टमूरमध्ये वेगळी तऱ्हा आढळते. तिथल्या माळावर झाडं थोडी आणि टेकड्यांवरचे खडक लांबून दिसतात, म्हणून क्लू सांगतो: डब्यापाशी उभं राहिल्यावर अमुक टेकडीचं टोक ३१० अंशांवर, तमुक टेकडीचं ४० अंशांवर. म्हणजे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे ठरतील अशी जागा शोधायची. नवखा माणूस दोन्हींच्या मागे एकदम लागतो आणि नागमोडी फिरत बसतो. त्याऐवजी पहिली टेकडी बरोबर ३१० अंशांवर येईपर्यंत आडवे सरका. आता ती रेघ सोडायची नाही. त्या टेकडीकडे किंवा तिच्यापासून लांब, सरळ त्याच रेघेवरून चालत राहा आणि अधूनमधून दुसरी टेकडी बघा. तिचा आकडा हळूहळू बदलत जातो. तो ४० झाला की डबा पायाशी, म्हणजे दहा-पंधरा मीटरच्या आत. दोन खुणांमधला कोन काटकोनाच्या जवळ असेल तर हे फार छान जमतं.

नकाशाचे आकडे दिले असतील तर ब्रिटिश पद्धतीत आधी पूर्वेकडचे, मग उत्तरेकडचे. सहा आकडे १०० मीटरचा चौकोन दाखवतात, आठ आकडे १० मीटरचा.

डब्याच्या जागी पोचल्यावर

लगेच वाकून शोधायला लागू नका. दोन मिनिटं उभं राहा. डबा लपवणारा माणूस याच जागी उभा होता, हातात डबा होता, आणि त्याला तो कुठेतरी ठेवायचा होता. तुम्ही कुठे ठेवला असता? बुंध्याच्या वाटेकडून न दिसणाऱ्या बाजूला. आडव्या पडलेल्या ओंडक्याखाली. दगडाच्या कपारीत, तोंडाशी दुसरा दगड लावून.

मग नैसर्गिक न वाटणारं काहीतरी शोधा. वाऱ्यानं आलेली पानं वेडीवाकडी पडतात. ओंडक्याच्या तोंडाशी काटक्या शेजारी शेजारी एकाच दिशेनं रचलेल्या दिसल्या, तर त्या माणसानं रचल्यात. भोवतीच्या दगडांवर शेवाळं आहे आणि एकच दगड कोरडा, स्वच्छ बाजू वर करून बसलाय, तर त्याला कुणीतरी उलटवलंय.

कपारीत किंवा ढोलीत हात घालायचा नाही. आधी काठी घाला, ठोका, थांबा, मग वाकून बघा. साप, विंचू, गांधीलमाशी यांना क्लू वाचता येत नाही. गवतातून आल्यावर पायांवर गोचीड चढली आहे का तेही घरी गेल्यावर तपासा.

शोधता शोधता रान उकरायचं नाही. चांगल्या लपवलेल्या डब्याला खणावं लागत नाही. माती उकरावी लागतेय असं वाटलं की तुम्ही चुकीच्या जागी आहात, हे जवळजवळ नक्की.

आसपास कुणी असेल तर बुटाची नाडी बांधा, पाणी प्या, पक्षी बघत असल्याचं सोंग करा. लोक जातात. डबा काढल्यावर तिथेच बसून शिक्के मारत बसू नका. वीस-तीस पावलं दूर जा. मध्येच कुणी आलंच, तर त्याला तुम्ही दिसाल, लपवायची जागा दिसणार नाही. आणि डबा काढण्याआधी तो कसा बसवला होता याचा फोनवर एक फोटो काढा. परत ठेवताना बघा आणि मग पुसून टाका. तो कुठे टाकायचा नाही, मित्राला कौतुकानंसुद्धा नाही.

ठसा

शिक्का पॅडवर दाबण्यापेक्षा शिक्का उलटा धरून पॅड त्यावर हलक्या हातानं टेकवा. शाई सगळीकडे सारखी लागते आणि खोबणीत साचत नाही. रंगीत हवा असेल तर स्केचपेनांनी थेट शिक्क्यावर रंगवा. तोवर आधीचा रंग सुकतो, म्हणून मारण्याआधी आरशावर वाफ धरतो तशी तोंडाची वाफ शिक्क्यावर सोडा. आधी रद्दी कागदावर एक ठसा, मग वहीत. मांडीवर वही ठेवून मारलेला ठसा मध्ये फिका येतो. खाली सपाट दगड किंवा सॅकमधला पुठ्ठा घ्या.

डब्यातल्या वहीत तुमचा शिक्का, टोपणनाव, तारीख, आणि दोन ओळी. ‘छान’ एवढंच लिहू नका. लपवणाऱ्यासाठी ती वही म्हणजे आलेली पत्रं आहेत. साकवाची एक फळी निखळली आहे, जुळ्यांपैकी धाकटा वाळत चाललाय, अशी बातमी त्याला हवी असते. आधीच्या नोंदी वाचायलाही वेळ ठेवा. कधीकधी त्या ठशापेक्षा भारी असतात.

काही डब्यांत एक जास्तीचा छोटा शिक्का स्वतःच्या वहीसकट मिळतो. हा ‘हिचहायकर’, म्हणजे फुकट प्रवासी. त्याचा ठसा घ्यायचा आणि तो उचलून पुढच्या डब्यात नेऊन ठेवायचा. पुढचा डबा लवकर शोधणार नसाल तर राहू द्या त्याला तिथेच.

परत ठेवणं

ठसा मिळाल्याच्या आनंदात इथेच लोक गडबड करतात, आणि डबे हरवण्याचं मोठं कारण तेच असावं असं मला वाटतं. शिक्का पुसून त्याच्या पिशवीत, वही तिच्या पिशवीत. पिशवीतली हवा दाबून काढा. डब्याच्या झाकणाच्या कडेवरून बोट फिरवा. वाळूचा एक कण राहिला तरी पाणी आत जातं. आत खाऊ, मेणबत्ती, अत्तर, काहीही वासाचं ठेवू नका. प्राणी डबा चावून फोडतात.

मग अगदी त्याच जागी. ‘इथे जास्त चांगला लपेल’ हा मोह टाळा. तुमच्या चांगल्या जागेचा क्लू कुणाकडेच नाही. दगड तसाच, काटक्या तशाच. दहा पावलं मागे जाऊन बघा. डब्याचा कोपरा दिसतोय? परत जा. वही भिजलेली आढळली तर पाणी पुसा, जमेल तितकी सुकवा आणि लपवणाऱ्याला कळवा.

स्वतःचा डबा लपवायची घाई नको. वीस-पंचवीस सापडले की वाईट क्लू कसे असतात ते कळतं, मग लिहा. जागेच्या मालकाची परवानगी लागते. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत मनानं काही ठेवता येत नाही. डार्टमूरमध्ये प्राचीन अवशेषांत आणि भिंतींत डबे ठेवायचे नाहीत, सिमेंट वापरायचं नाही, असा दंडक आहे. तिथे जाणाऱ्यांनी आणखी एक बघायचं: उत्तरेकडच्या बऱ्याच भागात लष्कराचा गोळीबाराचा सराव चालतो, क्रॅनमिअर पूलही त्याच हद्दीत येतं. सरावाच्या वेळा आधी जाहीर होतात, आणि लाल निशाण वर असेल तर आत जायचं नाही, डबा समोर दिसत असला तरी.

नाही सापडला तर

निघतानाच वेळ ठरवा. मी शोधण्याला ४० मिनिटं देतो, आणि घड्याळ काही म्हणो, सूर्य मावळायच्या दोन तास आधी परत फिरतो. कुठे जातोय आणि कधी येणार हे घरी सांगून ठेवलेलं असतं.

४० मिनिटं संपली की शेवटच्या पक्क्या खुणेपर्यंत मागे या. ती खरंच तीच आहे का? भिंत तीच? भगदाड तेच? तिथून पुढचं सगळं पहिल्यांदा करतोय असं करा, आणि जमलं तर या खेपेला क्लू सोबतच्या माणसाला वाचायला द्या. तुम्ही एव्हाना एक अर्थ मनात धरून बसलेला असता. दुसऱ्याला ‘डावीकडून येते’ हे सहज दिसतं. तरीही नाही मिळाला, तर घरी जा आणि लपवणाऱ्याला लिहा: कुठवर पोचलो, काय दिसलं, काय दिसलं नाही. ‘तुमचा डबा गेला’ असं ठोकून देऊ नका. माझ्या दोन फाटकांच्या डब्याबद्दल मी तसंच लिहिलं होतं. तो माणूस बिचारा नवा डबा घेऊन डोंगर चढला आणि जुना जागच्या जागी बघून परत आला. दुसऱ्या खेपेला मी वहीत माफी लिहिली. त्याच्या शिक्क्यावर घुबड होतं. शाई वाळायच्या आधीच मी वही मिटली, म्हणून माझ्या पहिल्या पानावर एक घुबड सुलटं आहे आणि समोरच्या पानावर एक उलटं, जरा फिकट.